एका चुलीची कामटी

परवा दुपारी माझी भाची माझ्याच पलंगाच्या कडेला बसून तासभर फोनवर एकच वाक्य बोलत होती. "हे मी घेतलेलं नाही." तिच्या कार्डावर कुणीतरी, कुठल्यातरी न पाहिलेल्या शहरात, पुरुषाचे बूट घेतले होते आणि दोनदा हॉटेलात जेवण केलं होतं. पलीकडचा माणूस तिला नाव विचारी, जन्मतारीख विचारी, मग जरा थांबायला सांगून गाणं लावून देई. ती रडकुंडीला येऊन पुन्हा म्हणे, अहो, मी नाही घेतले ते बूट. मी पडल्या पडल्या ऐकत होते. डोळ्यांवर झापड होती. खिडकीतून कडुलिंबाच्या फुलांचा वास येत होता आणि त्यात हळूहळू दुसराच एक वास मिसळत गेला, मोहाचा, गोड, डोकं जड करणारा. मला वाटलं, हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे. मी ते बोलले तेव्हा हिचा बाप, म्हणजे माझा धाकटा भाऊ, अर्ध्या चड्डीत शाळेला जात होता.

फोन ठेवून ती म्हणाली, आत्या, तुला नाही कळायचं हे, तुमच्या वेळी कार्डं नव्हती. म्हटलं, होतं गं बाई. मला होतं. पुठ्ठ्याचं. ती हसली आणि चहा टाकायला गेली. माझी दुपार मात्र केव्हाच सती नदीच्या वाळूत उतरली होती.

तेव्हा चंद्रपूरला आम्ही चांदाच म्हणायचो. रुपयाला सोळा आणे होते, आणि गडचिरोलीकडं जायचं म्हणजे वैनगंगा नावेनं ओलांडायची. मी चांद्याची, परकोटाच्या आत वाढलेली. ट्रेनिंग केलं आणि बाविसाव्या वर्षी कुरखेड्याकडच्या, सती नदीच्या काठच्या एका बाजारगावात मुलींच्या वर्गाची मास्तरीण म्हणून जाऊन पडले. अंगानं काडी, पण नाकावर राग, आणि त्याच नाकावर चष्मा. एकटी बाई नोकरीला आलेली त्या गावानं पहिल्यांदाच पाहिली. मी लुगडं कसं नेसते, कुणाशी हसते, मला पत्र कुणाचं येतं, सगळ्यावर गावाचा डोळा होता.

शाळेच्या कमिटीचे मुख्य गावचे पाटील. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं की बाई, लोक तुमच्याकडं पाहून पोरी शाळेत पाठवतील, आणि तुमच्याकडं पाहूनच काढून घेतील. मनानं वाईट नव्हता माणूस. पण त्या दिवसापासून माझी नोकरी माझ्या नावाच्या बारीक दोऱ्याला टांगलेली होती, हे मला पक्कं कळलं. घरी वडील गेलेले, भावाचं शिक्षण माझ्या पगारावर. नोकरी गेली असती तर परत जायला मला तोंड नव्हतं.

दुकान गावात एकच. मीठ, गूळ, घासलेट, बिड्या, खिळे, काचेच्या बांगड्या, सगळं एका अंधाऱ्या खोलीत. दुकानदाराला सारं गाव भाऊ म्हणे, म्हणून मीही भाऊ. दुपारी भाऊ झोपायचे तेव्हा त्यांची बायको गल्ल्यावर बसायची, तिला काकी. त्या दुकानातली उधारीची रीत मी त्याआधी कुठं पाहिली नव्हती. प्रत्येक चुलीची एक कामटी. कामटी म्हणजे बांबूची वीतभर पट्टी. ती उभी चिरायची, अर्धी दुकानात राहायची, अर्धी घरी. उधार काही न्यायचं तर आपली अर्धी घेऊन जायचं. भाऊ दोन्ही अर्ध्या जोडून धरायचे आणि सुरीनं दोन्हींवर मिळून एकच खाच पाडायचे, चार आण्याला बारीक, रुपयाला रुंद. एकट्या अर्धीवर कुणी खाच वाढवली तर जोडताना लबाडी उघडी पडणार. धानाची मळणी झाली की हिशेब मिटायचा, आणि दोन्ही अर्ध्या त्या घरच्या चुलीत जायच्या. दुकानाच्या आढ्याला अशा कितीतरी कामट्या टांगलेल्या असत. वारा आला की एकमेकींवर वाजत. दुपारी त्या आवाजानं उभ्या उभ्या डुलकी यायची.

मला हसू आलं होतं. मी पोरींना पाढे शिकवणारी, मी काठीवर खाचा पाडून मीठ न्यायचं? माझं वहीत लिहा, म्हटलं, चांद्याला लिहितात तसं. भाऊ हळूच म्हणाले, "बाई, कागद एकाच्याच घरी राह्यते. कामटी दोघांच्या घरी राह्यते."

तरी त्यांनी माझा हट्ट पुरवला. जुन्या वहीच्या पुठ्ठ्यातून तळहाताएवढा तुकडा कापला, त्यावर दौतीच्या शाईनं 'शाळेच्या बाई' असं लिहिलं आणि खाली आपला अंगठा उठवला. हे कार्ड दाखवायचं, सामान न्यायचं. लिहिणं भाऊंच्या वहीत, माझ्याकडं फक्त पुठ्ठा. मला तो फार आवडला. चुलीमागच्या कोनाड्यात मिठाच्या बरणीशेजारी मी तो उभा करून ठेवला, देवाची तसबीर ठेवावी तसा.

माझ्याकडं पाणी भरायला एक मावशी यायची. नदीपलीकडं गोंडांचा टोला होता, म्हणजे दहा-बारा घरांचा पाडा, तिथली. नवरा मेलेला, मूलबाळ नाही, टोल्यावर भावाजवळ राहणारी. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदण. एकट्या बाईनं एकटं निजू नये म्हणून पाटलांनीच तिला माझ्या पडवीत झोपायला सांगितलं होतं. ती फार कमी बोलायची. पहाटे मला जाग येई ती तिच्या झाडण्याच्या आवाजानं. बाहेर धुकं असायचं, इतकं की अंगणातला पळस दिसू नये, आणि त्या धुक्यात तिचा खराटा एका लयीत चाललेला. मी पुन्हा डोळे मिटायची. आयुष्यात तेवढी निर्धास्त झोप मला पुन्हा लागली नाही, लग्नानंतरही नाही.

आता सांगायला लाज वाटते, पण त्या घरात काय काय कुठून येतं याचा मी कधी विचारच केला नाही. सरपण संपायचं नाही. कणगीत तांदूळ असायचा. कधी द्रोणभर मध, कधी चारोळी, कधी पानात बांधलेले डिंकाचे खडे. जंगल आहे, जंगलात असतंच, असं मी समजून चालले. पगार माझा, पुठ्ठा माझा, घर माझं, म्हणून बाकीचंही माझंच. शिकलेल्या माणसाला मोजायला येतं, पण तो मोजतो सोयीचं तेवढंच.

आश्विनात हलका धान निघाला. एका सकाळी मावशी टोल्यावरून ओंजळभर नवे तांदूळ घेऊन आली आणि म्हणाली, आज नवं खायाचा दिवस, तुह्या चुलीवर शिजवू का? मी म्हटलं, शिजव की. तिनं चूल सारवली, भात शिजवला, पळसाच्या पानावर थोडा काढून कोपऱ्यात ठेवला आणि आपल्या भाषेत बराच वेळ काहीतरी पुटपुटली. मग एक पान माझ्यापुढं मांडलं, एक स्वतःपुढं, आणि माझ्या तोंडाकडं पाहत बसून राहिली. मी घास घेतल्यावरच तिनं घेतला. माझ्या आईला हे कळलं असतं तर तिनं मला पंचगव्य पाजलं असतं. मला मात्र त्या घासाचा भारी अभिमान वाटला. आपण किती सुधारलेल्या, कसला भेदभाव म्हणून मानत नाही, असं वाटून मी दिवसभर तरंगत होते. भात गरम होता, दुधाळ होता. बाहेर कोवळं ऊन पडलं होतं. मावशी त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्यानं हसली.

त्यानंतर ती मला मोकळेपणानं रागवायला लागली. दिवाळीला तिनं हिरव्या बांगड्या आणल्या आणि माझे हात ओढून स्वतः भरल्या. भुंडे हात घेऊन शाळेत जातं का कोनी, म्हणाली. मी लाडानं भरून घेतल्या.

पौषात मळण्या उरकल्या. भाऊंच्या अंगणात हिशेबाचा दिवस आला. सारं गाव गोल करून बसलेलं, पाटील बाजेवर. एकेकाची कामटी निघे, दोन्ही अर्ध्या जुळत, भाऊ अंगठ्यानं खाचा मोजत, आणि काम संपे. कामटीला तोंड नसतं, कुणी काय नेलं ते ती सांगत नाही. माझी पाळी आली तशी भाऊंनी वही उघडली आणि मोठ्यानं वाचायला लागले. गावाला हे नवीन होतं, सगळे गप्प होऊन ऐकू लागले.

मीठ, घासलेट, साबण, चहा. मग भाऊ म्हणाले, बिडी, एक बंडल. मला वाटलं, दुकानाच्या खरेदीची ओळ चुकून वाचली असेल. पुढं तंबाखू. पुन्हा बिडी. गूळ, पाव शेर. बांगड्या हिरव्या, एक डझन. बिडी. बिडी. भाऊंचा स्वतःचाच आवाज बारीक होत गेला. मागून कुणीतरी हलकेच म्हणालं, "बाईकडं पाव्हना येऊन राह्यला वाट्टे." हसण्याची एक लाट गेली आणि पाटलांकडं पाहून थांबली.

माझ्या कानशिलांत आग झाली. "हे मी घेतलेलं नाही," मी म्हटलं. एकदा म्हटलं, दोनदा म्हटलं. भाऊ बिचारे गोंधळले. दुपारी काकी देते, संध्याकाळी मला सांगते, मी लिहितो, म्हणाले. कार्ड दाखवल्याशिवाय ती देत नाही. काकी त्या दिवशी लेकीकडं गेलेली, विचारणार कुणाला? पाटलांनी फक्त माझ्या हातांकडं पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं. मीही पाहिलं. एक डझन हिरव्या बांगड्या.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं झालं माझं. बांगड्या कुणी दिल्या ते मला ठाऊक होतं, आणि ती तिथंच कुंपणाशी उभी होती, नदीवरून आलेली, डोक्यावर भरलेली घागर. मला त्या क्षणी फक्त दोन गोष्टी दिसत होत्या, पाटलांचा चेहरा आणि चांद्याच्या घरातला भाऊ, कंदिलापाशी पुस्तक घेऊन बसलेला. मी उठून तिच्यासमोर गेले.

"कोनाड्यातलं कार्ड तू आणत होतीस?"

"आनत होती न."

"बिड्या तू नेल्यास?"

"मीच नेल्या."

"कुणाला विचारून?"

तिनं माझ्याकडं अशी नजर टाकली की जणू मी एखाद्या परक्या मुलखाची बोली बोलतेय. "विचारू कोनाले?" ती म्हणाली.

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. गावादेखत मी तिला चोर म्हटलं. माझ्या मिठावर राहून माझ्याच नावाला काळं फासलंस, असंही म्हटलं, आणि अजून काय काय. माझं तोंड तेव्हा सुटलं की सुटायचं. ती ऐकत राहिली. मग घागर डोक्यावरून उतरवून तिनं माझ्या पायाशी ठेवली. थेंबही सांडला नाही. आणि वळून नदीकडं चालायला लागली.

माझं नाव वाचलं. भाऊंनी त्या सगळ्या ओळींवर काट मारली. पाटील म्हणाले, बाई, निवांत शाळा चालवा, ह्या लोकांना डोक्यावर बसवलं की असंच होतं. संध्याकाळी दोन घरांतून मला दूध आलं.

पहिले दोन-तीन दिवस मी रागाच्या उबेवर काढले. मग घर थंड पडायला लागलं. पहाटे खराटा वाजेना. जाग यायची ती कशानंच न येता यायची, आणि मी धुक्याकडं पाहत पडून राहायची. मध संपला. कणगीचा तळ लागला. आठव्या दिवशी सरपण संपलं. मी कुलूप लावून मोळी विकत घ्यायला निघाले तेव्हा मला कळलं की त्या गावात मोळी विकत कुठं मिळते तेच मला माहीत नाही. इतके महिने रोज चूल पेटवलेली मी.

दुपारची वेळ होती. गाव पेंगत होतं. दुकानात काकी एकटीच बसलेली, लेकीकडून परत आलेली. मी विचारलं, काकी, सरपण कुणाकडं मिळेल? तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"काऊन व बाई, तिनं तुह्या चुलीवर नवं शिजवलं होतं का नाई?"

शिजवलं होतं, म्हटलं.

"अन् तू खाल्लं?"

खाल्लं, म्हटलं.

"मंग? चूल एक झाली तं कामटी एक नाई का झाली? तिनं मले त्याच दिसी येऊन सांगतलं. तुह्याजोळ कामटी नाई, पुट्टा हाये, तं मी पुट्ट्यावर देत गेली."

मग तिनं मला सगळं समजावून सांगितलं, पहिलीतल्या पोरीला सांगावं तसं. टोल्यावरची रीतच तशी. नवा भात ज्या चुलीवर एकत्र खाल्ला, तिथलं माणूस वर्षभर त्या घरचं. एका घरात कोण कुणाला विचारून नेतं? सरपण आणत होता मावशीचा भाऊ. दर बाजाराच्या पहाटे मी झोपेत असताना मोळी अंगणात टाकून जायचा. घरच्या माणसाला मजुरी देत नाहीत, त्याला घरची बिडी देतात. त्या बिड्या त्याच्या. तंबाखू त्याचा. गूळ तिनं आणला तो माझ्याच चहात गेला. तांदूळ त्याच्याच शेतातला. "तुह्या घरी सरपन कोन टाकून राह्यलं होतं, देव?" काकी म्हणाली.

मी दुकानाच्या पायरीवर मटकन बसले. वर कामट्या वाजत होत्या.

रविवारी सकाळी मी नदी ओलांडली. पाणी घोट्याएवढं, बर्फासारखं गार. धुकं अजून उठलं नव्हतं. त्या धुक्यातून पलीकडचा काठ हळूहळू पुढं येत होता, आधी एक कोंबडा ऐकू आला, मग धूर, मग कुडाच्या भिंती. आजही स्वप्नात मी ती नदी ओलांडते, आणि स्वप्नात पलीकडचा काठ येतच नाही.

मावशी अंगणात धान पाखडत होती. मला पाहून उठली, चटई टाकली, लोटाभर पाणी पुढं ठेवलं. पाहुण्याला ठेवतात तसं. वाटेत मी वाक्यं जुळवून ठेवली होती, शिकलेल्या बाईला शोभतील अशी. त्यातलं एकही निघालं नाही. मी चुकले मावशी, एवढंच म्हणत राहिले.

ती आत गेली आणि छपरात खोचलेली एक कामटी घेऊन आली. अख्खी, न चिरलेली. तिच्यावर खाचा होत्या. तिनं बोटानं एकेक दाखवली. ही बिडी. ही बिडी. हा तंबाखू. हा गूळ. ह्या तुह्या बांगड्या. एकही सुटलेली नव्हती. चैत्रात मोहफुलं वेचून दुकानात घालणार होती ती, माझ्या पगारावर भार पडू नये म्हणून. भाऊंच्या वहीत जेवढं होतं तेवढंच तिच्या कामटीवर होतं. मीच मनातल्या मनात मोजून पाहिलं. तिथंही मोजलं मी, काय म्हणावं मला!

मग मी विचारलं, आणि तू आणलंस ते? तांदूळ, मध, चारोळी, लाकडं? त्याच्या खाचा कुठं आहेत?

"घरी आनलं ते कोनी कापते का?" मावशी म्हणाली.

मी तोंडाला पदर लावून रडले. तिनं मला जवळ घेतलं नाही. सूप उचललं आणि पुन्हा पाखडायला लागली. बऱ्याच वेळानं, न रागावता, पाऊसपाण्याचं सांगावं तशा आवाजात तिनं सांगितलं की तिचा भाऊ आता बाजारात येत नाही. लोक त्याला चोरटीचा भाऊ म्हणतात. तो कुडाच्या सावलीत पाठ करून बसला होता, हे मला तेव्हा दिसलं.

परत येताना मला माहीत होतं काय करायचं ते. ते करायची माझी मुळीच इच्छा नव्हती. माझं नाव नुकतं कुठं धुवून निघालं होतं. भावाची फी भरायची होती. मी तीन दिवस स्वतःशी भांडले. पाटलांना एकटं गाठून सांगावं, भाऊंच्या कानात सांगावं, असे शंभर आडमार्ग शोधले. पण चोर मी गावादेखत म्हटलं होतं. कानात म्हटलं नव्हतं.

बाजाराच्या दिवशी दुकानापुढं माणूस मावत नव्हतं. पाटील ओट्यावर पान खात बसलेले. मी आवाज वर्गातला लावला.

"भाऊ, वहीतली काट काढा. त्या बिड्या, तंबाखू, गूळ, बांगड्या, सगळं माझ्या घरी गेलं. मावशीनं चोरी केलेली नाही. खोटं मी बोलले."

बाजार शांत झाला म्हणतात तसा काही झाला नाही. मिरच्यांचा भाव चालूच होता. पण दुकानापुढची माणसं वळून माझ्याकडं बघू लागली. पाटलांनी पानाची पिंक टाकली आणि विचारलं, "बिड्याही तुमच्याच का, बाई?"

"माझ्याच घरच्या," मी म्हटलं. "आणि भाऊ, अजून एक बंडल द्या. हे पण उधार. आणि वहीत नाही लिहायचं, आमच्या चुलीची कामटी चिरा."

मी चूल कुणाची, बिड्या का, हे तिथं उभं राहून समजावत बसले नाही. ज्यांना टोल्यावरची रीत ठाऊक होती ते समजले. बाकीच्यांनी जे समजायचं ते समजून घेतलं. काकीनं मात्र आतून चांगला जाड, सरळ बांबू काढून दिला. भाऊंनी तो चिरला, दोन्ही अर्ध्या जोडल्या आणि पहिली खाच पाडली. मागची सगळी रक्कम मी पुढच्या पगारातून फेडली, आणि पुठ्ठ्याचं कार्ड चुलीत घातलं. ओलसर होतं, नुसतं धुमसत राहिलं मेलं.

त्याच संध्याकाळी, उजेड असताना, मी बिडीचं बंडल आणि कामटीची माझी अर्धी घेऊन नदी ओलांडली. मावशी बाहेर आली नाही. तिचा भाऊ होता. त्यानं बंडल घेतलं. कामटी मी तिच्या छपरात खोचली, पहिली होती तिथंच, आणि परत आले.

पुढच्या आठवड्यात माझ्या वर्गातल्या चार पोरी यायच्या बंद झाल्या. पाटील समोरून आले तर बघायचे नाहीत. टपाल आलं की मी आधी पाकिटावरचा शिक्का बघायची. कामावरून काढल्याचं पत्र काही आलं नाही. उन्हाळ्यात बदलीचं आलं, पण ते पुढं. सरपण मी स्वतः वेचायला शिकले. हातांना फोड आले. एकेक करून त्यातल्या तीन पोरी परत आल्या. चौथी आली नाही, ती हुशार होती, तिचं मला अजून वाईट वाटतं. मावशी बाजारात दिसायची. मी थांबायची, ती मान हलवायची आणि पुढं जायची. तिचा भाऊही यायला लागला होता. मला वाटलं, एवढं झालं हेच पुष्कळ. फुटलेली चूल कुणी परत सांधत नाही.

चैत्र लागला. मोह गळायला लागला. पहाटे सारं रान त्या वासानं झिंगलेलं असायचं. बाया टोपल्या घेऊन झाडांखाली वाकलेल्या, फुलं टपटप पडताहेत, कुणी कुणाशी बोलत नाही. शाळेत पोरी डुलक्या घ्यायच्या आणि मी त्यांना उठवायची नाही. अशाच एका सकाळी, पेंगतच, मी मीठ आणायला दुकानात गेले.

भाऊंनी मीठ द्यायच्या आधी आढ्यावरून एक अर्धी कामटी काढली आणि उजेडात धरली. आमची होती ती. बिडीच्या काळवंडलेल्या खाचेशेजारी दुसरी एक खाच होती, नवी, आतून पांढरी. आदल्या दुपारी काकीनं पाडलेली, भाऊ झोपेत असताना.

"पाव शेर गूळ गेला यावर," भाऊ म्हणाले. मागचं आठवून बिचाऱ्यांचा आवाज फार जपून होता. "तुमी नेला का, बाई?"

मी त्या खाचेवर अंगठा ठेवला. कडेला बांबूचं बारीक कुसळ होतं, ते टोचलं.

"आमच्याच घरी गेला, भाऊ," मी म्हटलं.

मग मीठ घेतलं. ते मात्र रोख, कारण आमची अर्धी कामटी नदीपलीकडं होती.